जमिनीखालची आगगाडी

आमच्या गावी ओढ्याकाठी एक विहीर आहे. ती खणली तेव्हा मी मराठी शाळेत होतो. वरचा काळा थर गेला, मग पिवळसर माती गेली, आणि पंधरा-सोळा हातांवर वाळू लागली. वाळूबरोबर पाणीही लागले. घरची माणसे खूश झाली, नारळ फोडण्याची भाषा सुरू झाली. पण विहीर खणणारा म्हातारा मिस्त्री वर आला तो काळजीचा चेहरा घेऊन. म्हणाला, “पाणी लागलं हे खरं, पण आता घाई चालायची नाही. ही वाळू पाण्याबरोबर पळते. आज काठ दिसतो आहे, उद्या दिसायचा नाही.” त्याने काम थांबवले. सिमेंटच्या कड्या मागवल्या. कडी जेवढी खाली उतरेल तेवढेच खणायचे, असे करीत दोन महिने घेतले. लोक त्याला हसले. विहीर मात्र आजही उभी आहे.

आज मला तुमच्याशी बोलायचे आहे ते एका मोठ्या शहराच्या भुयारी रेल्वेविषयी. आता तुम्ही म्हणाल, शहरातल्या रेल्वेचे आम्हां खेड्यातल्या माणसांना काय? पण थोडे ऐका, आणि ही विहीर ध्यानात असू द्या. शेकडो कोटींच्या कामातही शेवटी प्रश्न त्या म्हाताऱ्याचाच असतो. खाली माती कसली आहे, पाणी कुठे आहे, आणि काठावर कोणाचे घर आहे?

आपल्या देशात पहिली भुयारी रेल्वे झाली ती कोलकात्याला. तेव्हा त्या शहराला आपण कलकत्ता म्हणत असू. हुगळी नदीच्या काठाकाठाने हे शहर उत्तर-दक्षिण लांबट वाढले. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे आले आणि माणसांची दाटी झाली. माणसे वाढली, तरी रस्ते वाढले नाहीत. रेल्वेने त्या वेळी दिलेल्या माहितीप्रमाणे शहराच्या एकूण जागेपैकी अवघी ४.२ टक्के जागा रस्त्यांना होती. दिल्लीत हेच प्रमाण सुमारे २५ टक्के होते. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर शंभर गुंठ्यांच्या वावरात गाडीवाटेला फक्त चार गुंठे. त्या चार गुंठ्यांतूनच ट्राम, बस, हातरिक्षा, मालाच्या गाड्या आणि पायी चालणारे, सगळ्यांनी जायचे. वर जागा नाही, तेव्हा खाली जावे, हा विचार त्यातून आला.

हा विचार काही एका दिवसात आला नाही. पश्चिम बंगालचे त्या वेळचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांनी १९४९ सालीच फ्रान्समधील तज्ज्ञांकडून भुयारी रेल्वेची पाहणी करविली होती. पाहणी झाली, पण काम उभे राहिले नाही. पुढे १९६९ साली रेल्वे खात्याने या कामासाठी वेगळी शाखा काढली. तिने १९७१ साली एकूण ९७.५ किलोमीटर लांबीच्या पाच मार्गांचा आराखडा तयार केला. त्यातला सर्वांत गर्दीचा मार्ग, उत्तरेच्या दमदमपासून दक्षिणेच्या टॉलीगंजपर्यंतचा, आधी घ्यायचे ठरले. लांबी १६.४५ किलोमीटर, स्थानके १७. त्यांपैकी दोन टोकांची दोन स्थानके सोडली तर बाकीची १५ जमिनीखाली. १९७२ च्या जूनमध्ये मंजुरी मिळाली आणि २९ डिसेंबर १९७२ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पायाभरणी झाली. रशियन आणि पूर्व जर्मन तज्ज्ञांचा सल्ला घेतला होता. हात आणि डोके मात्र बहुतांशी इथलेच होते.

आराखडा म्हणजे काय, हे जरा सांगतो, कारण पुष्कळांना वाटते की नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली की झाला आराखडा. तसे नसते. सकाळी कोण कोठून निघतो, कोठे जातो, किती वेळा गाडी बदलतो, याची आधी मोजणी करतात. सर्वांत गर्दीच्या एका तासात एका दिशेने किती माणसे जातात, त्यावरून डबे किती आणि गाड्या किती हे ठरते. स्थानके फार जवळ ठेवली तर गाडीला वेग घेता येत नाही, आणि फार लांब ठेवली तर म्हाताऱ्या माणसाला तिथवर चालवत नाही. कलकत्त्याच्या मार्गावर १७ स्थानकांमध्ये १६ अंतरे आहेत. शिक्षकांनी मुलांना गणित घालावे. उत्तर येईल सुमारे एक किलोमीटर. याखेरीज खाली हवा कशी खेळवायची, पुराचे पाणी आत कसे येऊ द्यायचे नाही, आग लागली तर माणसे वर कशी काढायची, गाड्या रात्री ठेवायच्या कोठे, या सगळ्यांची उत्तरे पहिली कुदळ पडण्याआधी कागदावर असावी लागतात. आणि सर्वांत मोठा प्रश्न मातीचा. त्यासाठी मार्गावर जागोजागी नळी खोल उतरवून मातीचे नमुने काढतात.

आपल्या मुंबई-पुण्याखाली काळा कातळ आहे. कलकत्त्याखाली कातळ नाही. गंगेने हजारो वर्षे आणून टाकलेला गाळ, चिकणमाती आणि वाळू यांचे थरावर थर आहेत. थोडे खणले की पाणी. म्हणजे आमच्या ओढ्याकाठच्या विहिरीचीच जात.

अशा जमिनीत भुयार करायचे कसे? त्या वेळी बहुतेक ठिकाणी एक पद्धत वापरली, ती समजायला सोपी आहे. आधी रस्त्याच्या दोन्ही कडांना अरुंद आणि खोल चर खणायचे. चर खणताना कड ढासळू नये म्हणून त्यात बेंटोनाइट नावाच्या फुगणाऱ्या मातीचे दाट कालवण भरून ठेवायचे. पातळ चिखलाने चिखलाला धरून ठेवायचे, असा हा प्रकार. मग त्या कालवणातच लोखंडी सळयांचा पिंजरा यारीने उतरवायचा आणि नळीतून थेट तळाशी काँक्रीट सोडायचे. काँक्रीट जड. ते खाली बसते आणि कालवण वर येते, ते काढून घ्यायचे. अशा दोन भिंती जमिनीच्या पोटात उभ्या राहिल्या की मधली माती उपसायची. भिंती एकमेकींकडे झुकू नयेत म्हणून आडवे लोखंडी टेकू द्यायचे. खाली तळ घालायचा, वर छप्पर घालायचे, छपरावर माती लोटायची आणि रस्ता पुन्हा पूर्वीसारखा करायचा.

ऐकायला सोपे, करायला महाकठीण. रस्त्याखाली काही मोकळी जागा नव्हती. सांडपाण्याची गटारे, पिण्याच्या पाण्याचे नळ, विजेच्या आणि टेलिफोनच्या तारा, वर ट्रामचे रूळ. गटार बंद ठेवून चालत नाही, म्हणून आधी नवे घालायचे आणि मग जुने काढायचे. त्यातच १९७७-७८ सालापर्यंत पुरेसा पैसा मिळाला नाही, सिमेंट-लोखंड वेळेवर येईना, जागोजागी कोर्टाचे मनाईहुकूम. वर्षानुवर्षे रस्ते उकरलेले. पावसाळ्यात खड्डे पाण्याने भरत. रस्त्याकडेच्या दुकानदाराने दारासमोर फळी टाकून गिऱ्हाइकाची वाट पाहावी. लोक चेष्टा करीत की, ही रेल्वे आमची नातवंडे पाहतील.

उत्तरेकडच्या एका तुकड्यात, बेलगाछिया ते श्यामबाजार, वरून खणणे शक्यच नव्हते. वर रेल्वेचे यार्ड आणि एक कालवा होता. तिथे सुमारे एक किलोमीटर भुयार जमिनीच्या आतूनच, पोलादी ढालीच्या आडोशाने आणि हवेचा दाब ठेवून पुढे नेले.

अखेर २४ ऑक्टोबर १९८४ रोजी एस्प्लनेड ते भवानीपूर अशी पहिली गाडी धावली. अंतर ३.४ किलोमीटर, स्थानके पाच. पायाभरणीला बारा वर्षे होत आली होती. टॉलीगंजपर्यंत गाडी १९८६ साली गेली आणि दमदम ते टॉलीगंज हा सबंध मार्ग २७ सप्टेंबर १९९५ रोजी पुरा झाला. भागाकार करून पाहा, बरं का. तेवीस वर्षांत साडेसोळा किलोमीटर. वर्षाला पाऊण किलोमीटरही पडले नाही. आणि तरीही, ज्या शहरात पाच मैल जायला दीड तास मोडे, तिथे माणूस अर्ध्या तासात घरी पोचू लागला. ते तेवीस वर्षांचे कष्ट वाया गेले, असे म्हणणारा माणूस आज कोलकात्यात भेटणे कठीण.

या कामातून माणसेही घडली. कलकत्त्याच्या या रेल्वेच्या आराखड्याची जबाबदारी १९७० ते १९७५ या काळात ज्या अभियंत्यांवर होती, त्यांत ई. श्रीधरन हे एक. हे नाव कोकणातल्या आणि गोव्यातल्या श्रोत्यांना वेगळे सांगायला नको. १९९० पासून कोकण रेल्वेचे काम त्यांच्या देखरेखीखाली झाले. कोकणात सह्याद्रीचा कातळ फोडणे सोपे गेले असे नाही, पण खरा छळ केला तो गोव्यातल्या मऊ मातीच्या बोगद्यांनी. पेडण्याचा बोगदा तर वारंवार ढासळला. सबंध मार्ग त्याच्यासाठी खोळंबला आणि १९९८ च्या जानेवारीत सुरू झाला. पुढे जुलै २०२४ च्या पावसातही त्याच बोगद्यात पाणी शिरून गाड्या थांबवाव्या लागल्या. माती आपला स्वभाव विसरत नाही.

त्यानंतर श्रीधरन दिल्लीला गेले. तिथे १९९८ साली काम सुरू झाले, २४ डिसेंबर २००२ रोजी पहिली गाडी धावली, आणि २००५ अखेर सुमारे ६५ किलोमीटरचा पहिला टप्पा मुदतीच्या आधी तयार झाला. दिल्लीची जमीन निराळी, यंत्रे नवी, हे खरेच. पण कलकत्त्याच्या अडचणींवरची उत्तरे तिथे आधीच योजलेली होती. केंद्र सरकार आणि दिल्ली सरकार यांचा निम्मा-निम्मा वाटा असलेली एक स्वतंत्र कंपनी, तिला निर्णयाचे अधिकार, जपानकडून दीर्घ मुदतीच्या कर्जाची तजवीज, आणि गटारे-तारा हलवण्याचे काम आगाऊ. बी पेरण्याआधी जमिनीची मशागत केली, एवढेच म्हणा ना.

आता पुन्हा कोलकात्याला येऊ. तिथे दुसरा मार्ग आखला गेला तो पूर्व-पश्चिम. नदीपलीकडचे हावडा मैदान ते पूर्वेचे सॉल्ट लेक. लांबी सुमारे साडेसोळा किलोमीटर, म्हणजे पहिल्याएवढीच. पायाभरणी २००९ साली झाली. या मार्गाला हुगळी नदी ओलांडायची होती, आणि तीही खालून. देशात नदीच्या तळाखालून जाणारे असे मेट्रोचे भुयार पूर्वी झाले नव्हते.

या वेळी चर खणण्याचा प्रश्नच नव्हता. लोखंडी नळकांड्यासारखे एक भले मोठे यंत्र जमिनीत उतरवले. त्याच्या तोंडाशी दातेरी तबकडी असते. ती फिरून माती खरवडते. तबकडीमागच्या कोठीत ही माती दाबून भरलेली ठेवतात, म्हणजे बाहेरची माती आणि पाणी जेवढ्या जोराने आत रेटते तेवढाच रेटा आतूनही राहतो. जास्तीची माती मळसूत्रासारख्या पात्याने हळूहळू मागे काढून घेतात. जेवढे यंत्र पुढे सरकेल तेवढी काँक्रीटच्या तुकड्यांची एक गोल कडी मागे बसवायची. दोन तुकड्यांच्या सांध्यात रबरी पट्टी, पाण्याने फुगून फट बंद करणारी. आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रीने उभ्या विहिरीत कड्या उतरवल्या, त्याच कड्या येथे आडव्या बसवल्या. तत्त्व एकच. उघडी माती एक हातभरही मोकळी सोडायची नाही.

अशी दोन भुयारे, प्रत्येकी नदीखाली सुमारे ५२० मीटर लांब, नदीच्या तळाच्याही सुमारे १३ मीटर खालून २०१७ साली आरपार झाली. नदीने काही त्रास दिला नाही. ६ मार्च २०२४ रोजी या भागाचे उद्घाटन झाले आणि त्या महिन्याच्या मध्यापासून लोक नदीखालून जाऊ लागले. गाडीला नदी ओलांडायला सुमारे ४५ सेकंद लागतात. म्हणजे ताशी वेग किती, ते मुलांकडून काढून घ्या. साधारण बेचाळीस किलोमीटर येईल.

नदी ओलांडली आणि सर्वांना वाटले, अवघड ते झाले. पण घात झाला तो शहराच्या मधोमध, बहूबाजारात. ही जुनी सोनारांची पेठ. अरुंद गल्ल्या, चुना-विटांची शंभर-शंभर वर्षांची घरे, भिंतीला भिंत लागलेली. मूळ आराखड्यातला मार्ग मध्यंतरी बदलून एस्प्लनेडकडे वळवलेला होता आणि तो या घरांच्या खालून जात होता. ३१ ऑगस्ट २०१९ च्या रात्री खाली काम करणाऱ्या यंत्राने पाण्याने भरलेला वाळूचा थर फोडला. पाणी भुयारात घुसले, आणि पाण्याबरोबर वाळू पळाली. खालची वाळू गेली, वरची जमीन पोकळ झाली, आणि पुढच्या दोन-चार दिवसांत गल्ल्यांतली घरे तडकली, कलली, काही कोसळली.

शेकडो माणसांना मिळेल ते घेऊन घराबाहेर पडावे लागले. दुर्गापूजा जेमतेम महिन्यावर आली होती. पिढ्यान् पिढ्या ज्या उंबऱ्यावर दिवा लावला तो उंबरा डोळ्यांसमोर गेला. कारागिरांची हत्यारे, मुलांची पुस्तके, देव्हारा, सगळे आत राहिले. त्यांना हॉटेलांत नेऊन ठेवले, नुकसानभरपाई देऊ केली, हे खरे. पण भाड्याच्या खोलीत राहणे आणि आपल्या घरी राहणे यांतला फरक मी सांगायला नको. धरणाखाली ज्यांचे गाव गेले आहे, असे कोणी हे ऐकत असतील तर त्यांना तो ठाऊक आहे. कोर्टाने काम थांबवले, ते २०२० साली पुन्हा सुरू झाले. अडकलेले यंत्र तिथेच राहिले आणि उरलेले भुयार दुसऱ्या यंत्राने समोरच्या बाजूने येऊन पुरे केले. २०२२ च्या मे महिन्यात आणि पुन्हा ऑक्टोबरात त्याच भागात पाणी झिरपून आणखी घरांना तडे गेले. हा शेवटचा तुकडा जुळून हावडा मैदान ते सॉल्ट लेक अशी सलग वाहतूक सुरू व्हायला २०२५ चा ऑगस्ट उजाडला.

श्रोतेहो, यावरून कोणी म्हणेल की मग असली कामे करूच नयेत. मी तसे म्हणणार नाही. दाटीच्या शहरात रोज तीन-तीन तास लोंबकळत जाणाऱ्या माणसांत आपल्याच गावची मुलेही असतात. त्यांचा वेळ आणि त्यांचा जीव यांना किंमत आहे. पुण्यात सप्टेंबर २०२४ पासून मुठेच्या पात्राखालून स्वारगेटपर्यंत गाडी जाते आणि मुंबईत ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड असा भुयारी मार्ग पुरा झाला आहे, तो याच गरजेपोटी. माझे म्हणणे एवढेच की, असल्या कामात उशीर दोन तऱ्हेचा असतो. एक उशीर पैसा वेळेवर न दिल्याचा आणि परवानगीचा कागद टेबलावर पडून राहिल्याचा. तो उशीर पाप आहे. दुसरा उशीर माती पुन्हा तपासण्याचा, पाण्याचा ठाव घेण्याचा, वरच्या घरातल्या माणसाला विश्वासात घेऊन आधीच सुरक्षित जागी हलवण्याचा. तो उशीर म्हणजे आमच्या मिस्त्रीचे दोन महिने. लोक त्याला हसतात, पण काठ त्यामुळेच टिकतो. पहिला उशीर टाळावा आणि दुसरा कधी टाळू नये.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्यासाठी एक छोटा प्रयोग सांगून थांबतो. पत्र्याच्या डब्याला तळाशी बोट जाईल एवढे भोक पाडा आणि त्याला बूच लावा. डबा बारीक वाळूने भरा, पाणी ओतून वाळू चिंब करा आणि वर एक काड्यापेटी उभी ठेवा. ती झाली बहूबाजारातले घर. आता बूच काढा. पाण्याबरोबर वाळू वाहील आणि काड्यापेटी कलून खाली जाईल. मग डबा पुन्हा तसाच भरा, पण या वेळी भोकाला आतून फडक्याची जाड घडी लावा. पाणी गळेल, वाळू राहील, आणि काड्यापेटी उभी राहील. मुलांना विचारा, काय फरक पडला? उत्तर त्यांनाच काढू द्या.

त्या मुलांतलाच एखादा उद्या अभियंता होईल, एखादी मंत्रालयात बसून मंजुरीच्या कागदावर सही करील. त्या वेळी त्यांना ती काड्यापेटी आठवावी, एवढीच इच्छा.